बसलेली बाई, पाठमोरी

चिनी रेषा म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्याने मादाम त्साओला आमच्या पॅरिसच्या खोलीत समजावून सांगितलं. तेव्हा तिच्या हातात मी केलेल्या शिऱ्याची बशी होती आणि ती शिरा काट्याने खात होती.

"तुमच्याकडची रेषा ही वस्तूची कड नसते," ते म्हणाले. "तो श्वास असतो. तुम्हाला स्वतःला हे जाणवत नसेल, कारण तुम्ही परंपरेच्या आत वाढलात. बाहेरच्या माणसाला ते अधिक स्वच्छ दिसतं."

मादाम त्साओ शांघायची. लहानपणी तिच्या मामाने तिच्या मुठीत ब्रश दिला होता आणि कितीतरी महिने तिला नुसत्या आडव्या रेघा ओढायला लावल्या होत्या. चुकली की बोटांवर रूळ. पुढे ती तिथल्या चित्रशाळेत गेली, मग बोटीने पॅरिसला आली आणि तेलरंग शिकली. मी तिला ओळखू लागले तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. केस मानेपाशी कापलेले, अंगात पुरुषी कोट, बोटं सिगारेटने पिवळी. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची.

"तुम्ही कधी ब्रश हातात धरलाय?" तिने विचारलं.

"अभ्यासकाला त्याची आवश्यकता नसते, मादाम."

"नसते खरी," ती म्हणाली आणि बशी माझ्यापुढे केली. तिला आणखी शिरा हवा होता.

बोडसांना वाटलं, पटलं तिला. त्यांनी पुढे श्वासाचे प्रकार सांगितले.

दिगंबर बोडस हे माझ्या नवऱ्याचं नाव. मी त्यांना 'ते' म्हणते ते सवयीने. आदर त्यात शोधू नका. पुण्याहून शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला आले होते आणि 'पौर्वात्य कलेतील रेषा' या विषयावर प्रबंध लिहीत होते. सकाळी ग्रंथालयात जायचे, संध्याकाळी यायचे. जेवताना मला दिवसभराचं वाचलेलं ऐकवायचे. मी वाढत असायची. माझ्या लक्षात आलं होतं की हातातली पोळी मी ताटात टाकली काय नि परातीत परत ठेवली काय, त्यांचं वाक्य तुटत नसे.

त्या दिवशी मादाम गेल्यावर ते म्हणाले, "बाई हुशार आहे, पण वाया गेलेली. चिनी ब्रशने रेघ मारायची आणि आत फ्रेंचांसारखा तेलरंग भरायचा. ना धड इकडचं, ना तिकडचं. हा कलेतला व्यभिचार आहे, शरयू."

व्यभिचार हा शब्द त्यांना फार आवडला. दुसऱ्या दिवशी तो प्रबंधात गेला.

आमच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यांवर पाण्याचा नळ नव्हता. खालच्या मजल्यावर, मादामच्या दाराबाहेर, सगळ्यांना मिळून एक नळ. मी दापोलीकडची. माहेरी विहिरीवरून कळशा कमरेवर आणलेल्या. बादली मी तशीच, कमरेला टेकवून वर न्यायची. मादाम दारात उभी राहून सिगारेट ओढायची आणि मला बघायची. एकदा म्हणाली, "थांब. बादली खाली ठेवू नकोस. तशीच उभी राहा."

मी उभी राहिले. ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. पाण्याने माझी साडी भिजली.

"उद्या दुपारी ये," ती म्हणाली. "मला तुझी पाठ हवी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठ. इथल्या मॉडेल बायकांना उभं राहायला शाळेत शिकवलेलं असतं. बघावं तर सगळ्यांच्या पाठी सारख्या. तुला कुणी काही शिकवलेलं नाही."

हे कौतुक होतं की अपमान, मला कळलं नाही. तिच्या बहुतेक बोलण्याचं असंच असायचं. पण मी गेले. का गेले, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की दुपारी खोलीत फार थंडी असते आणि तिच्याकडे शेगडी आहे. ते खोटं नव्हतं.

पहिले काही दिवस मी साडी नेसूनच स्टुलावर बसले. मग ती म्हणाली, पदर आणि पोलकं काढ, साडी कमरेला राहू दे, तोंड खिडकीकडे कर. मी म्हटलं, हे मला जमणार नाही. ती म्हणाली, "बरं, मग जा." समजूत घालणं वगैरे तिला ठाऊक नव्हतं. तिने ब्रश पुसायला घेतला आणि तिच्या दृष्टीने मी तिथे उरले नाही. मी दारापर्यंत गेले. परत आले, तोंड खिडकीकडे करून बसले आणि पोलकं काढलं.

लाज वाटली, खूप वाटली. पहिली दुपार सगळी लाजेत गेली. दुसऱ्या दुपारी पाय बधिर झाला, आणि बधिर पाय आणि लाज एकाच वेळी सांभाळता येत नाही. तिसऱ्या दुपारी मला कंटाळा आला. त्यानंतर मी नुसती बसायची. समोरच्या गच्चीवर एक म्हातारा कुंडीत कांद्याची पात लावायचा ते बघायची.

"हलू नकोस."

"मादाम, थोडं बोललं तर चालेल?"

"तोंड हलव, खांदा हलवू नकोस."

मी विचारलं, "आमच्या यांना तुमची चित्रं भेसळीची वाटतात. तुम्हाला राग येतो का?"

"तुझ्या नवऱ्याचा? नाही." पाठीमागे तिने काडी ओढून सिगारेट पेटवली. "इथले समीक्षक म्हणतात, हिची रेघ छान, पण रंग आमच्याकडून उचललेत. शांघायचे म्हणायचे, रंग ठीक, पण बाईने रेघ बाटवली. दोघांनाही वाटतं, मी त्यांच्या घरात चोरी केली. दोघंही आपापल्या घराचं दार लावून बसलेत. मी रस्त्यावर आहे. रस्त्यावर उजेड बरा असतो."

मग म्हणाली, "रेघ मला पाठ आहे. कुठून सुरू होते, कुठे जाड होते, कुठे संपते, झोपेतही काढीन. पण माणसाचं अंग काही पाठ करता येत नाही. ते प्रत्येक वेळी बघावं लागतं. बघायला मी इथे शिकले. एवढंच आहे. याच्यावर पुस्तक होत नाही, म्हणून विद्वानांना ते पुरत नाही."

काढलेली चित्रं ती मला दाखवत नसे. मीही मागितली नाहीत. वाळवायला ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असत.

दुपारी मी कुठे असते हे बोडसांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पुष्कळ लोकांना हे खरं वाटत नाही, पण तसंच आहे. मी काही लपवत नव्हते. माझ्या केसांना टर्पेंटाइनचा वास यायचा. ते एकदा म्हणाले, "या इमारतीत कुठेतरी रंगकाम चाललंय वाटतं."

हिवाळा संपता संपता नदीच्या डाव्या काठावरच्या एका गल्लीत, एका छोट्या गॅलरीत पॅरिसमधल्या आशियाई चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. त्याच आठवड्यात पुण्याचे प्राचार्य सबनीस युरोपच्या दौऱ्यावर आले होते. त्यांच्या कॉलेजात नवा विभाग निघणार होता आणि त्याच्या प्रमुखाची जागा बोडसांना हवी होती. सबनिसांना प्रदर्शन दाखवायचं, त्या निमित्ताने आपली विद्वत्ता दाखवायची, असा बेत. मला म्हणाले, "तूही चल. बरी साडी नेस. आणि मध्ये बोलू नकोस."

सबनीस साठीच्या घरातले, बारीक, कानटोपी घातलेले. मूळचे ते गणिताचे शिक्षक. चित्रातलं मला काही कळत नाही, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. बोडसांना याहून चांगला श्रोता मिळाला नसता.

पहिल्या दालनात त्यांनी एका जपानी माणसाची चित्रं निकालात काढली. मग एका व्हिएतनामी मुलीची. मी मागून चालत होते. दुसऱ्या दालनाच्या टोकाच्या भिंतीवर एकच मोठं चित्र होतं आणि त्याच्या बाजूला मादाम त्साओ खुर्चीवर बसली होती, तोच कोट घालून.

खाली पट्टी होती: बसलेली बाई, पाठमोरी.

चित्रात मी होते. चेहरा दिसत नव्हता, डाव्या कानाची पाळी आणि मानेवर सुटलेला अंबाडा तेवढा. खांद्यापासून कमरेपर्यंत एकच काळी रेघ खाली आली होती, कुठे ठसठशीत, कुठे केसाएवढी. त्या रेघेच्या आत माझा सावळा रंग होता. नुसता सावळा नव्हे, खिडकीकडच्या बाजूला निळसर, शेगडीच्या बाजूला तांबूस. कमरेशी साडीचा बोळा. तीच साडी, जांभळ्या काठाची, धुऊन धुऊन विटलेली. बोडस ती रोज दोरीवर वाळताना बघत होते.

आता ओळखणार, असं मनात आलं. इथे, सबनिसांसमोर. मी तोंड बाजूला वळवलं.

बोडस चित्रासमोर उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि छत्रीचं टोक वर केलं.

"हे बघा, सर. ज्याविषयी मी तुम्हाला म्हणत होतो तो हाच प्रकार. ही बाई कुठली आहे, सांगा बरं."

सबनीस म्हणाले, "तुम्हीच सांगा."

"कुठलीच नाही. हा देह पॅरिसच्या चित्रशाळेतला आहे. गुबगुबीत प्लास्टरचा देह, त्याला वरून सावळा रंग लावून पूर्वेकडचा केलाय. आपल्याकडची बाई अशी बसत नाही. खांदा बघा, हा असा खाली पडलेला खांदा भारतीय शिल्पात तुम्हाला कुठेही सापडणार नाही."

तो खांदा बादलीने पडला होता.

सबनीस चित्राकडे बघत राहिले. त्यांनी कानटोपी वर सरकवली. मग मागे वळले, जसं माणूस सहज वळतं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला तोंड करून उभी होते. माझा कान, माझा अंबाडा आणि माझा खांदा त्यांना दिसला असेल. त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"बोडस," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्हाला ही बाई कुठे पाहिल्यासारखी वाटत नाही?"

आणि मला आठवतं, त्या क्षणी माझी भीती गेली होती. मला वाटत होतं, ओळखा. आरडाओरडा करा, हात धरून घरी न्या, हवं ते करा, पण ओळखा.

"वाटूच शकत नाही, सर," बोडस म्हणाले. "हा देह कल्पित आहे. आता हे पाहा," छत्रीचं टोक पाठीच्या मध्याशी, थोडं डावीकडे गेलं, "हा ठिपका. सगळं चित्र झाल्यावर इथे एक काळा ठिपका कशासाठी? चिनी चित्रकारांना शेवटी शिक्का मारायची खोड असते. इथे शिक्का शोभला नसता, म्हणून ठिपका. अर्थशून्य. हातचलाखी."

"बरं," सबनीस म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही दमला असाल. बसता का जरा?" आणि ते पुढच्या चित्राकडे गेले. बोडस त्यांच्या मागे गेले, बोलत बोलत.

मी मादामच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तिने विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाले, अशी बाई अस्तित्वात नाही."

मादामने तोंडातून धूर सोडला. तिला हसू आलं नाही, रागही आला नाही. खोटं नाणं परत सरकवताना दुकानदार जसा बघतो, तशी ती त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"आणि ठिपक्याला काय म्हणाला? छत्री लावली म्हणून विचारते. रंग अजून ओला आहे."

"म्हणाले, ती तुमची खोड. मादाम, तो ठिपका काय आहे?"

"तीळ."

"कुणाचा?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी तीळ मनाने काढत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बोडस ग्रंथालयात गेल्यावर, मी खाली गेले. मादामने तिचा मोठा आरसा खिडकीशी लावला, हातात छोटा आरसा दिला आणि स्वतः चहा करायला गेली. पाठीच्या मध्याशी, थोडा डावीकडे, होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. जन्मापासून असणार. मला तो माहीत नव्हता यात नवल नाही, आपली पाठ आपल्याला दिसत नाही. आई लहानपणीच गेली, दुसरं कोण सांगणार? पण माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी पोलकं घातलं, चहा प्यायले. मी म्हटलं, "मी परत जाणार नाही. पुण्याला म्हणतेय मी."

"खायचं काय?"

"तुम्ही सांगा."

"चौकटीवर कॅनव्हास ताणता येईल? हातात ताकद आहे. पण हौसेने करणार असलीस तर मला नकोस. हौशी माणसं मला आवडत नाहीत."

"हौस नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी बोडस खुशीत आले. सबनिसांनी जागा देण्याचं जवळपास कबूल केलं होतं. त्यांनी कोट काढला, चहा मागितला. मी चहा दिला आणि समोर बसले. मी कधी समोर बसत नसे. तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"अहो, मी पुण्याला येणार नाही."

"म्हणजे? तिकिटं काढायचीत."

"तुमचं काढा."

"काय झालंय तुला? बरं वाटत नाही का?"

"काल तुम्ही जे चित्र सबनिसांना दाखवलंत, त्यातली बाई मी आहे. गेले तीन महिने मी दुपारी खाली बसत होते. साडी माझी आहे. तो ठिपका नाही, तीळ आहे. माझ्या पाठीवर आहे."

बोडसांनी कप खाली ठेवला. मी वाट बघत होते. संतापले असते तर त्यांच्यासाठी माझ्या मनात काहीतरी उरलं असतं. त्यांच्या कपाळावर आठी आली, पण ती रागाची नव्हती, मला ती आठी ठाऊक होती. तळटीप चुकली की यायची तीच.

"सबनिसांना कळलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं. तुमचं खांद्याविषयी बोलून होईपर्यंत कळलं होतं."

"पण ते काही बोलले नाहीत."

"ते सभ्य आहेत."

ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग त्यांनी जे म्हटलं ते मी आयुष्यात कुणालाही शब्दन्शब्द सांगू शकते. "हे बघ, शरयू, चित्रकर्तीने चेहरा दाखवलेला नाही. नुसत्या पाठीवरून व्यक्ती ओळखण्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकता येत नाही. शास्त्रीयदृष्ट्या माझं विधान चूक ठरत नाही."

मला हसू आलं. आवाज न करता हसले, पण बराच वेळ. त्यांनी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, काही नाही, चहा गार होतोय.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. बोडसांना ती जागा मिळाली. सबनिसांनी दिली, आणि मला पक्कं वाटतं की नाकारली असती तर कारण सांगावं लागलं असतं, माझी लाज राहावी, म्हणूनही दिली. बोडसांचा प्रबंध छापून आला, त्यात व्यभिचाराचं वाक्य आहे आणि कल्पित देहाचा परिच्छेद आहे. त्यांनी तो काढला नाही, कारण शास्त्रीयदृष्ट्या तो चूक नव्हता. माझ्याविषयी पुण्यात त्यांनी सांगितलं की प्रकृतीमुळे मी तिकडेच राहिले. मादाम त्साओकडे मी कॅनव्हास ताणले, रंग घोटले, तिच्या शिव्या खाल्ल्या. पुढे एका भाषाशाळेत मराठी शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मादाम तिच्या खुर्चीत, ब्रश धुऊन ठेवून गेली. तिच्या शेवटच्या आजारात एक तरुण समीक्षक तिला भेटायला आला होता. पूर्व आणि पश्चिम यांचा तिने कसा संगम घडवला, असं त्याने विचारलं. ती मला म्हणाली, याला दार कुठे आहे ते दाखव.

बोडसांना सोडायला मी स्टेशनवर गेले होते. जावं असं वाटलं. ते मार्सेयची गाडी पकडणार होते, तिथून बोट. सामान चढवून झालं. त्यांनी मला सांगितलं की अजूनही विचार बदलायचा असेल तर त्यांची हरकत नाही, लोकांना ते काहीतरी सांगतील. मी नको म्हटलं. ते वळले आणि डब्याची पायरी चढायला लागले.

मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मादामने मला पाहिलं होतं तसं, घाई न करता. कोटाची मधली शिवण खांद्यापासून खाली वीतभर उसवली होती आणि आतला पांढरा शर्ट दिसत होता. त्याच कोटात ते पुण्याला उतरणार होते, सबनिसांच्या कॉलेजात जाणार होते. माझ्या पर्समध्ये सुईदोरा होता, नेहमी असतो. गाडी सुटायला वेळही होता.

मी पर्स उघडली नाही. ते आत जाऊन बसले आणि त्यांनी पुस्तक उघडलं.